पहिलीची हजेरी

मंडळी, पाटील, टोलीच्या वस्तीवरून चालत आलेल्या बाया, आणि तिकडे खांबाशी बसलेल्या टेंभरे वहिनी,

धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आहेत. तरी कामं टाकून तुम्ही शाळेच्या पडवीत जमलात. पाटील म्हणाले, हेडमास्तर, दोन चांगले शब्द बोला. चांगले शब्द मला येतात. पंचवीस वर्षं मुलांकडून तेच पाठ करून घेतो आहे. पण आज ते ओठावर येत नाहीत, कारण आपल्या चौथीचे मास्तर दसरथ टेंभरे आठ दिवसांपूर्वी हिवतापाने गेले, आणि ते गेल्यावरही तीन दिवस मी त्यांच्यावर संशय घेत होतो.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कोणी वाकून नमस्कार केला, तरी याला माझ्याकडून काय पाहिजे, हा विचार मला आधी येतो. पण मंडळी, मी एकटा नव्हतो. आज डोळे पुसणाऱ्यांत कोण कोण वैशाखात काय म्हणत होतं, ते मी ऐकलं आहे. नावं घेत नाही. पाटील, तुमचंही घेत नाही.

होळीच्या सुमाराला पहिलीच्या मास्तरांची बदली झाली. दुसऱ्याच दिवशी टेंभरे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, पहिली मले द्या."

मी विचारलं, "काऊन?"

तर म्हणाले, "असंच."

असंच? चौथीला टेबल आहे, खुर्ची आहे. चौथीचा मास्तर बाजारात निघाला तर लोक उठून रामराम घालतात. पहिलीला काय आहे? बसायला तरट आणि पुसायला नाकं. बारा वर्षं चौथी शिकवलेला माणूस स्वतःहून खाली उतरायला मागतो, आणि कारण सांगतो, असंच. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हाला झोप लागली असती का? मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे तेही जाणून होते आणि मीही.

मग त्यांनी पहिलीचं हजेरीपुस्तक मागितलं. रोज दुपारी ओसरीत बसून त्यातली नावं उतरवून घ्यायचे. लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. मी गेलो की कागद पालथे घालायचे. मी घाबरलो. का, ते आज सांगतो. त्या पुस्तकात ‘खारीज’ हा शब्द फार वेळा आहे. महिनाभर मूल दिसलं नाही की नाव खारीज. टोलीतली मुलं आषाढात भरती व्हायची आणि दिवाळीपर्यंत निम्मी खारीज. मला वाटलं, हा माझी तक्रार वरच्या साहेबांकडे करणार आणि माझी खुर्ची घेणार.

सुटी लागली. सुटीत टेंभरे सालेकशाकडे आपल्या गावी जायचे. यंदा गेले नाहीत. रोज सकाळी टोलीवर जाऊ लागले. काऊन? मी छत्री घेतली आणि एक दिवस मागोमाग गेलो. होय मंडळी, हेडमास्तर झाडाआड उभा राहिला. पाहिलं तर बाया तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसलेल्या, आणि आमचे मास्तर त्यांच्यात मांडी घालून पुडे बांधत होते. एकेका बाईला काही विचारायचे, ती सांगायची, की हे खिशातला कागद काढून लिहायचे. मला वाटलं, माझ्याविरुद्ध जबान्या घेऊन राहिले.

त्या संध्याकाळी मी साहेबांना पत्र लिहिलं. लिहिलं की टेंभरे मास्तर सुटीत टोलीवर बायांत बसतात, तिथे मोहाची दारू असते, आणि दिवस असे आहेत की चार माणसं जमवणाऱ्यावर नजर ठेवलेली बरी. एकही गोष्ट धड खोटी नव्हती, आणि सगळं पत्र खोटं होतं. बाजाराच्या दिवशी केशोरीला जाऊन मी ते स्वतः डाकेत टाकलं. दुसऱ्याच्या हाती द्यायचा भरवसा नव्हता.

त्यानंतर पंधरवड्याने टेंभऱ्यांना ताप भरला. मी भेटायला गेलो नाही. मला वाटलं, ढोंग असेल.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी टेंभरे वहिनी शाळेत आल्या. फडक्यात बांधलेले ते कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "तापातबी एकच विचारत होते, गुरुजीनं पहिली देल्ली का? मी काय सांगू त्याइले?"

मी विचारलं, बाई, पण त्यांना पहिली कायले पाहिजे होती? तुम्हाला तरी सांगितलं का?

वहिनी म्हणाल्या, "सांगत होते ना. बारा वर्सं मी चौथीत वाट पाहून रायलो, म्हणे. टोलीतलं एकबी लेकरू माह्यापर्यंत पोचलं नाही. आता मीच त्याइच्याकडे जातो."

मी कागद उघडले. तेव्हाही मी माझी तक्रारच शोधत होतो, खोटं कशाला बोलू. तक्रार नव्हती. एका बाजूला मी ठेवलेली नावं होती. हो, मी ठेवलेली. सोमवारी जन्मला म्हणून सोमारू, बुधवारी जन्मली म्हणून बुधनी, अशी नावं साहेबांपुढे वाचायची मला लाज वाटायची. म्हणून भरतीच्या दिवशी मी भरत, जानकी अशी नावं घालत होतो. आईला सांगायचो, आजपासून हे नाव. आई मान हलवायची आणि विसरायची. लेकराला तर कोणी सांगतच नव्हतं. पहिलीचे मास्तर मान खाली घालून पुकारायचे, जानकी. जानकी समोर बसलेली असायची आणि उत्तर नाही. गैरहजर. महिनाभर गैरहजर, मग खारीज. लेकरू येत होतं मंडळी, आणि मी त्याला खोडत होतो.

टेंभऱ्यांनी प्रत्येक नावापुढे घरचं नाव लिहिलं आहे. त्यापुढे दोन-दोन ओळी. ही कानाने कमी ऐकते, पुढे बसवणे. हा गोंडीच बोलतो, घाई करू नये. याला तळ्याची भीती आहे. पहिली मिळालेली नसताना या माणसाने पहिलीची अशी तयारी केली होती.

तरी माझा स्वभाव जात नाही. काल रात्रभर वाटत राहिलं, हे खरं कशावरून? म्हणून आज तुमच्यासमोर पारखून बघतो. टोलीतली लेकरं इथे आयांजवळ बसली आहेत. मी पुकारतो.

जानकी.

जानकी.

बघा. कोणी हललं नाही. आता हा टेंभऱ्यांचा कागद, जानकीपुढे लिहिलेलं घरचं नाव.

बुधनी.

कोण ‘ओ’ म्हणालं? उभी राहा, बाई. भिऊ नको. ये, अशी पुढे ये. हिला कमी ऐकू येतं, वाट द्या तिला.

साहेबांना मी दुसरं पत्र धाडलं आहे, पहिलं खोटं म्हणून. त्यांचा माणूस विचारपूस करायला आला तर तुम्हीही हेच सांगा, आणि माझं नाव घेऊन सांगा. सोमवारी शाळा उघडेल तेव्हा पहिलीच्या तरटावर मी बसणार आहे. मला जमेल का, याचा मला संशयच आहे. हे कागद माझ्याजवळ राहतील.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. मोठ्यांनी गप्प राहायचं. लेकरं बोलली तर कोणी दटावू नका.

टेंभरे मास्तर, उशीर झाला. पहिली तुम्हाला दिली.