रडायचे बारा दिवस

जमलेल्या सगळ्यांनो, काकूंच्या घरच्या मंडळींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

मी रोज चार-चार तास बोलणारा माणूस. रसायनशास्त्र शिकवून पोट भरतो. पण आज या माइकसमोर एकेक शब्द जुळवावा लागतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

शिवकांताकाकू गेल्या. लातुरात शिकायला आलेल्या किती लेकरांनी त्यांच्या हातचं खाल्लं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या क्लासच्या मुलींच्या वसतिगृहाची मेस त्यांनीच चालवली. त्यांचा मुलगा बसवराज परवा घरी आला. म्हणाला, 'सर, आई तुमच्याबद्दल लई चांगलं बोलायची. तुम्ही दोन शब्द बोला.'

बसवराज, बाबा, तुला वाटतं मेस आईच्या गुडघ्यांमुळं बंद झाली. गुडघे दुखत होते, खरं आहे. पण मेस मी काढून घेतली. का काढून घेतली, ते सांगायला उभा आहे. चांगलं बोलायला बाकीचे आहेत.

माझ्याकडं एक मुलगी होती. बिलोलीकडच्या खेड्यातली, वैष्णवी. आज ती इथं बसली आहे, आणि तिला विचारूनच मी बोलतोय. डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा बारा दिवसांवर आली होती. सकाळी तिच्या मामाचा मला फोन आला. 'सर, वैष्णवीची आई गेली. छातीत दुखलं आन् गेली.' मग मामा म्हणाला, 'पोरीला सांगू नका, सर. परीक्षा होऊ द्या. तिच्या आईचंच सपान हाय ते.'

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, 'बरोबर आहे. मी बघतो.'

आपल्याकडं हे काही नवं नाही. कुणाचा आजा जातो, कुणाची चुलती जाते. पेपर होईस्तोवर लेकराला कळू देत नाहीत. याला आपण काळजी म्हणतो. मीही काळजीच म्हणालो. त्याच दिवशी मी चाळीस मुलींचे मोबाईल जमा करून घेतले. परीक्षा जवळ आली, अभ्यासात लक्ष पाहिजे, असं कारण दिलं. एकटीचाच घेतला असता तर तिला शंका आली असती ना! मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

वैष्णवी संध्याकाळी ऑफिसात यायची. 'सर, घरी एक फोन लावू का?' मी म्हणायचो, 'आई मावशीकडं गेलीय बेटा, तिथं रेंज नाही. तू अभ्यास कर.' चार दिवस. चार दिवस मी त्या लेकराच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

तिचं जेवण सुटलं. मला नाही कळलं. ती वर्गात पहिल्या बाकावर बसत होती, वहीत लिहीत होती, मला तेवढं पुरे होतं. कळलं काकूंना. हाताला पीठ, तशाच ऑफिसात आल्या. 'सर, ते बिलोलीचं लेकरू जेवून न्हाई राहिलं. ताटात नुसती बोटं फिरवतंय. काय झालंय?'

मला वाटलं, काकू अनुभवी, समजूतदार. साथ देतील. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. काकू खुर्चीवर बसल्या. माझ्यासमोर त्या कधी बसायच्या नाहीत. म्हणाल्या, 'आईची माती झाली, आन् लेकराला ठाऊकच न्हाई?'

मी म्हणालो, 'काकू, आता आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.'

'आवं सर, रडायचेबी बाराच दिवस असत्यात की. पुढं कोण रडू देतंय?'

उत्तर आलं नाही की माणूस काय करतो? आवाज चढवतो. मी म्हणालो, 'तुम्ही भाकरी बघा. मुली मी बघतो.'

हे मी बोललो. याच तोंडानं.

काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, वैष्णवीला जवळ घेऊन बसल्या आणि सांगितलं. मोठं काही बोलल्या नाहीत. 'आई गेली बाय तुझी,' एवढंच. मग तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी दारातून ओरडत होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्याच दुपारी एसटीनं तिला घेऊन निघाल्या. आधी नांदेड, मग बिलोली, मग गाव. बसवराज, आई एका मुलीला सोडायला गेली, एवढंच तुला ठाऊक.

तिथं तिचे वडील. चार दिवसांत त्या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. पोरीचा फोन आला तर आवाज फुटेल, या धास्तीनं ते फोनजवळसुद्धा जात नव्हते. तिची धाकटी बहीण चुलीपासून हलत नव्हती. वैष्णवी दारात आली आणि त्या घराला रडू फुटलं. 'सर, पोरगी आल्यावरच आम्ही रडलो,' असं ते नंतर मला म्हणाले. काकू दहाव्यापर्यंत तिथंच राहिल्या.

आणि मी? मी मामाला फोन करून सांगितलं, 'काकूनं पोरीचं वाटोळं केलं.' महिना संपायच्या आत मेस दुसऱ्याला दिली. काकू भांडल्या नाहीत. घरी गुडघ्यांचं सांगितलं. लेकरापासून काही लपवू नका म्हणणारी बाई, माझी लाज मात्र झाकून गेली.

वैष्णवीनं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. आज ती नांदेडला नर्सिंग शिकते. मध्यंतरी भेटायला आली होती. मी विचारलं, 'तुला खरंच काही कळलं नव्हतं का गं?' म्हणाली, 'सर, काहीतरी झालंय हे पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही मला बेटा म्हणालात. त्याआधी कधी म्हणाला नव्हतात.' पुढं म्हणाली, 'पण काय झालं ते कळत नव्हतं. मला वाटलं, चाचणीत मार्क कमी पडले म्हणून आई माझ्याशी बोलत नाही.'

ऐकलंत? मी तिला दुःखापासून वाचवायला निघालो होतो. आणि ते लेकरू चार दिवस असं धरून बसलं होतं की आईनं आपल्याला टाकलं. मार्कांसाठी.

आता आमच्या वसतिगृहात दर आठवड्याला समुपदेशक ताई येतात. मुली त्यांच्याशी बोलतात, रडतात, हलक्या होतात. आम्ही ते जाहिरातीत छापलंय. पालक विचारतात, 'सर, ही कल्पना तुमचीच का?' मी मान डोलावतो. अजूनपर्यंत डोलावत आलोय.

काकूंची माफी मागायला मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर कोण विचारलं, सफरचंदं ठेवली आणि परत आलो. आजारी माणसाला आत्ता त्रास नको, बऱ्या झाल्या की बोलू, असं मनाला समजावलं. पुन्हा तेच केलं मी! एवढं होऊनही तेच.

शेवटी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहणार आहोत. त्याआधी, वैष्णवी, एक सांगतो. तुझी आई गेली त्या दिवशी माझ्या वर्गात कुणी एक मिनिटसुद्धा उभं राहिलं नाही. मी दोन तास शिकवलं. इतक्या वर्षांत मी तुझ्या आईचं नावही विचारलं नाही. काल विचारलं.

उठा सगळे. एक मिनिट शिवकांताकाकूंसाठी. एक मिनिट सुमनबाईंसाठी. वैष्णवी, तुला उभं राहवत नसेल तर बस. आणि कुणाला रडू आलं, तर त्याला गप्प करू नका.