इंजिनाची खांदशेकणी

(नागभीडजवळचं खेडं. दसरूचा गोठा. दसरू, त्याची बायको शकुबाई आणि तिचा भाऊ पत्रू.)

पत्रू : तीन वाजले, भाऊजी. जनरेटर बंद. बाईचा फोन आला म्हणून गॅरेज सोडून आलो. काय केलं ते खरं सांगा.

दसरू : काई नाई केलं. बटन दाबलं का टिक् म्हणते अन् गप बसते.

शकुबाई : पोळ्याले काय केलं ते इचार तुह्या भाऊजीले.

दसरू : घरच्या गोष्टी साळ्याले सांगाच्या नसतात.

पत्रू : गुणवंतराव कधी येतेत?

शकुबाई : चारले. मंडळाचे अध्यक्ष नं ते, म्हणते, रातच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात लाइटचा भरोसा नाई. दसरूचं लागलं अन् चालत राह्यलं तं तेच ठेवू, नाई तं विक्कीचं जनरेटर आणू. मागच्या साली भर नाटकात बंद पडलं, तवापासून गाव यायले अंधारेभाऊ म्हणते.

दसरू : माह्यं आडनाव बोरकर आहे.

पत्रू : आधी ती बिडी बाहेर जाऊन विझवा. इथी पेट्रोल आहे, बॅटरी आहे. अन् हातातलं कडं काढा.

दसरू : लग्नातलं आहे.

पत्रू : बॅटरीच्या दोन्ही टोकांले एकदम लागलं तं लग्न राहीन, हात जाईन.

शकुबाई : काढा नं.

पत्रू : चावी बंद. आता मायनसची वायर आधी सोडतो, प्लसची मंग. हे पिवळं काय आहे?

दसरू : हळद.

पत्रू : बॅटरीले?

दसरू : हळद अन् तूप. खांदशेकणी केली. बैलाच्या खांद्याले लावते, तं यानं काय घोडं मारलं? हाही वर्षभर राबते.

शकुबाई : आवतनही दिलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

पत्रू : अन् जेवाले काय वाढलं?

दसरू : टाकी गच्च भरली. मंग आराम दिला.

पत्रू : पोळ्यापासून तेच पेट्रोल? शिळं झालं ते. बाहेर, मोकळ्या जागी, डब्यात काढा. ताजं मी आणलं. बाई, खायचा सोडा पाण्यात कालवून दे. हळदीखाली पांढरी बुरशी धरली, वायर टेकतच नाई. बूच घट्ट आहेत, आत थेंब जाऊ देत नाई.

दसरू : मंग काईच लावाचं नाई?

पत्रू : लावाचं. ग्रीस. वायर कसल्यावर, बोटभर. बॅटरी जिवंत आहे, मीटर दाखवते. मागच्या साली काऊन बंद पडलं होतं?

दसरू : नशीब.

शकुबाई : झूल.

पत्रू : कोणती झूल?

दसरू : दव पडून राह्यलं होतं. बिचारं उघड्यावर उभं. बैलाची झूल पांघरली.

पत्रू : चालू इंजिनवर?

दसरू : नाटकात नायिका जहर पिऊन राह्यली होती. मी तिकडं पाहू का इकडं?

शकुबाई : अंधारात तिले पेलाच सापडेना. कोणी तरी मोबाइलचा उजेड धरला, म्हणे पी बाई, आमी पाहून राह्यलो.

पत्रू : गरम सायलेन्सरवर कापड. आग लागली असती, भाऊजी. त्याले हवा लागते. तो बैल नाई.

दसरू : बैल असता तं साळ्याले बोलवा लागलं नसतं.

पत्रू : ऑइल काळं झालं होतं, बदललं. एअर फिल्टर झाडला, त्यात बैलाच्या चाऱ्याचं कुटार होतं. आता अंगणात ढकला. गोठ्यात चालू कराचं नाई, धूर कोंडते, माणूस झोपल्या जागी जाते.

दसरू : हे घे, आलं अंगणात.

पत्रू : प्लस आधी लावली, मायनस शेवटी. दाबा.

दसरू : तूच दाब.

पत्रू : मशीन तुमचं आहे.

दसरू : लागलं.

शकुबाई : लागलं खरं.

दसरू : रातभर चालन?

पत्रू : चालन. तुमी काळजी नाई घेतली तं.

दसरू : थोपटलं तं चालते?

पत्रू : बंद करून, थंड झाल्यावर.

शकुबाई : गुणवंतराव आले. विक्कीच गाडी चालवून राह्यला, हे मागं बसले.

दसरू : काय म्हणतेत?

शकुबाई : काई नाई. फाटकात उभे राहून इंजिन ऐकून राह्यले.