डाकिणीचा डोळा

भुताच्या पिक्चरचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. परवा खामगावले सुधाकरच्या घरी आम्ही दोस्तलोक बसलो होतो आन् सगळ्यात भारी जुना भुताचा पिक्चर कोणता, याच्यावर वाद पेटला. सुधाकर ताडकन उभाच राह्यला. म्हणे, "विहिरीतल्या डाकिणीचा! तिचा थो पांढराफटक डावा डोळा आठवला की आजही अंगावर काटा येते बे!"

चहा घेऊन येणाऱ्या रेखावहिनी, त्याची बायको, दारातूनच म्हणाल्या, "डावा नाही, उजवा!"

झालं! नवराबायकोची अशी जुंपली की चहा थंडा होऊन गेला.

"मी लहानपणी दोनदा पाह्यला!" सुधाकर ओरडला.

"मंग मी काय आंधळी होती?"

शेवटी मीच मोबाइलवर पिक्चर शोधून लावला. विहिरीतून डोकं वर आलं. आम्ही सारे श्वास रोखून पाहून राह्यलो. डोळा डावा! सुधाकर नाचाले लागला.

वहिनी चाटच पडल्या. "अहो, पण आमच्या बीबी गावच्या जत्रेत मी सोताच्या डोळ्यानं उजवा पाह्यला!"

"जत्रेत बसली कुठं होती?"

"कापडी पडद्याच्या मागं."

सुधाकर हसता हसता खालीच बसला. "अवं, मागून सारं उलटं दिसते! मागं काऊन बसली होती?"

"भेव वाटे म्हणून! म्हटलं, तिकडून तिची पाठ दिसन." वहिनींनी कपाळावर हात मारला. "कायची पाठ जी! डाकीण तिकडूनही माह्याकडंच पाहून राह्यली होती!"