प्रकृतीच्या कारणास्तव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या आकाशमित्र मंडळाचे सर्वांत जुने सभासद, शिक्षण खात्याकडून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या, त्यांच्या शेजारी बसलेले शाळा समितीचे माननीय चिटणीस साहेब, जिच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ती आमची दुर्बीणमावशी, सभागृहातले शिक्षक, पालक आणि मंडळातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निवेदिकाबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. मी चष्म्याचं दुकान चालवतो, बोलण्याचा सराव नाही. थोडा वेळ जास्त घेईन, तेवढी सवलत द्या.

निमंत्रणपत्रिकेत सुबक अक्षरांत छापलंय की आमच्या ज्येष्ठ स्वयंसेविका 'प्रकृतीच्या कारणास्तव' मंडळातून निवृत्त होत आहेत. कोणाच्या प्रकृतीच्या? काल याच बाई दुर्बिणीची लोखंडी तिवई खांद्यावर घेऊन तीन जिने चढल्या आणि मी मागून धापा टाकत होतो. मावशींची प्रकृती ठणठणीत आहे. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी, आणि ते सांगायलाच मी उभा आहे.

ज्यांना मावशी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत गेली. बाटलीत तसूभर गढूळपणा दिसला तरी अख्खी टाकी थांबवायच्या, मग वरून कोणाचाही फोन येवो. रजा काढून हीच बाई दुर्बीण घेऊन शाळाशाळांतून फिरायची. एकोणीस वर्षं. एक पैसा घेतला नाही. मधल्या सुट्टीत मैदानावर दुर्बीण मांडायची आणि मुलांना सूर्यावरचे डाग दाखवायची. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने विचारलं, "सूर्याला पण गोवर येतो?" मावशी म्हणाल्या, "येतो ना. पण तो तुझ्यासारखी सुट्टी घेत नाही." ती पोरगी नंतर आठवडाभर शाळा बुडवायला तयार नव्हती, असं तिच्या आईने मला दुकानात येऊन सांगितलं.

आता थोडी कामाची गोष्ट, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुर्बिणीतून उघड्या सूर्याकडे पाहिलं तर डोळा क्षणात भाजतो. म्हणून नळीच्या पुढच्या तोंडावर एक चंदेरी झाकण बसवतात. त्याला आम्ही फिल्टर म्हणतो. मावशी तो तीन स्क्रूंनी आवळायच्या, वरून चिकटपट्टी लावायच्या आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःचा डोळा लावून पाहायच्या. मग मुलं.

नऊ महिन्यांपूर्वी याच शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मावशी वरच्या वर्गात लहान मुलांना ग्रह समजावत होत्या. मैदानावर दुर्बिणीपाशी मी. जाताना मला बजावून गेल्या, "इथून हलायचं नाही. आणि काही झालं तरी फिल्टरला कोणाचा हात लागता कामा नये."

थोड्या वेळाने चिटणीस साहेब आले, सोबत छायाचित्रकार. साहेबांना दुर्बिणीपाशी मुलांसोबत फोटो हवा होता. छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, पुढचं ते झाकण फार चमकतंय. फोटोत दुसरं काही दिसतच नाही."

"मग काढा की ते," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, ते काढता येत नाही. नळी सूर्याकडे आहे."

"अहो, दोन सेकंदांचं काम. कुठे आभाळ कोसळतंय?"

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी ओढली, स्क्रू फिरवले, झाकण काढलं.

मी काय केलं? मी गप्प उभा राहिलो. का? या समितीच्या शाळांतल्या मुलांचे चष्मे माझ्या दुकानातून जातात. एवढंच कारण. मनाशी म्हटलं, नुसता फोटो तर आहे, डोळा कोण लावतंय! तेवढ्यात साहेबांनी सहावीतल्या एका मुलीला खांद्याला धरून पुढे केलं. "ये बेटा, लाव डोळा, छान फोटो येईल." मी "नको!" म्हणून हात पुढे घातला. माझा हात पोहोचायच्या आत तिचा डोळा पोहोचला होता.

ती ओरडली नाही. डोळ्याच्या आतला पडदा भाजतो तेव्हा दुखत नाही. ती हसून म्हणाली, "किती पांढरं दिसतंय!" संध्याकाळी ती आईला म्हणाली, डाव्या डोळ्याने वाचताना शब्दातलं मधलंच अक्षर दिसत नाही. ते आजही दिसत नाही. कधीच दिसणार नाही.

चिटणीस साहेब, बसा. उठू नका. तुम्हाला मी नंतर ध्वनिक्षेपक देईन, तुम्ही हवं तेवढं बोला.

चौकशी समिती नेमली गेली. कोणी नेमली, ते विचारू नका. मुलीने सरळ सांगितलं, "साहेबांनी झाकण काढलं." समितीने लिहिलं, मुलगी लहान आहे, घाबरलेली आहे, तिचं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. मग मला बोलावलं. विचारलं, "झाकण कसं निघालं ते तुम्ही नेमकं पाहिलंत का?" मी म्हणालो, "गर्दी होती."

दोन शब्द. खोटंही नाही हो, गर्दी होतीच! तेवढ्यावर अहवाल तयार झाला: स्वयंसेविकेच्या हलगर्जीपणामुळे झाकण सैल राहून गळून पडलं. तीन स्क्रू आणि चिकटपट्टी लावलेलं झाकण वारा नसताना गळून पडलं! या सभागृहात विज्ञानाचे किती शिक्षक आहेत? एकालाही प्रश्न पडला नाही? की पडला आणि माझ्यासारखाच गिळला?

पण मला सगळ्यांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची, आणि ती माझीच आहे. मावशी वर होत्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी अहवाल खरा मानला. घरी बसून पुन्हा पुन्हा ते झाकण लावायच्या, काढायच्या, नळी हलवून बघायच्या. एक दिवस दुकानात येऊन मला विचारलं, "खरंच माझ्या हातून सैल राहिलं असेल का हो?" मी काउंटर पुसत म्हणालो, "असेल मावशी. वय होतं माणसाचं."

मावशींनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेल्या. तिच्या आईने दार लावून घेतलं. त्रेचाळीस शाळांमधले आमचे कार्यक्रम बंद झाले. आता तिथे सूर्य पडद्यावर दाखवतात, चकचकीत, संगीतासकट. मुलं जांभया देतात आणि अहवालात लिहिलं जातं, उपक्रम सुरक्षितपणे पार पडला.

मीही गप्पच राहिलो असतो. गेल्या सोमवारी ती आई मुलीला घेऊन माझ्या दुकानात आली. म्हणाली, "नंबर वाढवून दिलात तर नीट दिसेल का?" जळलेल्या जागी कोणतंही भिंग चालत नाही, हे मी कसं सांगू म्हणून शब्द शोधत होतो. तेवढ्यात मुलीने मला निरखून पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "काका, तुम्ही तिथेच होता ना?"

मी तिथेच, खुर्चीत बसून, सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग एकच वाक्य बोलली. "पोरगी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती, आणि मी तिला म्हणाले, मोठी माणसं खोटं कशाला लिहितील?"

तिथून मी उठलो तो थेट मावशींकडे. त्यांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाल्या, "म्हणजे माझे हात ठीक आहेत." आणि मग जो आवाज चढला! एकोणीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. "आणि त्या लेकराला तुम्ही सगळ्यांनी मिळून खोटं पाडलंत? मला काय सांगता घरात येऊन? हे सगळं झाकायला तो सत्काराचा घाट घातलाय ना समितीने, तिथे सांगा. भरल्या सभेत सांगा. नाहीतर माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका."

म्हणून मावशी आज आल्या आहेत. मानपत्रासाठी नाही. अध्यक्ष महाराज, तुमच्या समोरची ती चौकट त्या घेणार नाहीत. उगाच आग्रह करू नका, फार वाईट उत्तर मिळेल.

छायाचित्रकाराने त्या दिवशी अकरा फोटो काढले होते. पाचव्या फोटोत झाकण साहेबांच्या हातात आहे. सातव्यात मुलगी दुर्बिणीला डोळा लावून हसते आहे. हे फोटो आणि माझा सही केलेला जबाब समारंभाआधी मी प्रमुख पाहुण्यांना दिला. जबाबात पहिला दोष माझाच लिहिला आहे. बाईंनी तो वाचला असावा. त्यांचा चहा तसाच निवला आहे. बाई, आमचं मागणं एवढंच की तो अहवाल रद्द व्हावा आणि त्या मुलीला खात्याच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी लिहून मिळावं की ती खरं बोलत होती. डोळा तर आपण कोणीच परत देऊ शकत नाही.

बाई मान हलवत आहेत. सभागृहाने ते पाहिलं, बरं झालं. आता इथे गर्दी होती असं कोणाला म्हणता येणार नाही.

मुलगी तिसऱ्या रांगेत आईजवळ बसली आहे. बाळा, लाजू नकोस, तुला वर बोलावणार नाही. मावशी शेजारची खुर्ची धरून ठेवायला सांगत आहेत. त्यांना इथे वर बसायचं नाही, तुमच्याजवळ बसायचं आहे.

आता समारोप. फोटो जपून ठेवणाऱ्या छायाचित्रकाराचे आभार. मागे बसलेल्या ध्वनिव्यवस्थेच्या दादांचे विशेष आभार. मधे दोनदा त्यांना खूण झाली, मी पाहिली, तरी त्यांनी माझा आवाज बंद केला नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द चुकून कमीजास्त गेला असेल तर उदार मनाने सांभाळून घ्या. जे ठरवून बोललो, त्याची क्षमा मागत नाही. आणि जे नऊ महिने बोललो नाही, त्याची क्षमा मागायचा हक्क मला नाही.