हेल्मेटची सावली

हॅलो? … हं, बोल तायडे. … काय म्हणालीस? छकुली? … काही नाही गं, परवा 'दगड' म्हणून फोन आपटला होतास, आज एकदम छकुली! काय काम काढलंयस?

… बरं, काम नाही. सहजच. तू आणि सहज! … माझं ऑफिस चाललंय ठीक. … अगं, कार्टून नाही काढत मी. गेममध्ये ऊन कसं पडेल, काच कशी चमकेल, त्याचे प्रोग्रॅम लिहिते. किती वर्षं सांगतेय तुला. … हो, सावल्यासुद्धा. … थांब, थांब. सावल्या एकदम कुठून आल्या तुझ्या डोक्यात?

… माझी चित्रं? बाल्कनीच्या गजांच्या सावल्यांची? 'शाई सांडलीय' म्हणाली होतीस ती? … आता आवडतात! ताई, मला भीती वाटायला लागलीय हं.

आणि तुझा आवाज का घुमतोय? … बाथरूममधून? … बरं बाई, बोल.

… हो, आलाय व्हिडिओ. … भावोजींच्या साइटचा? … एवढंसंच काम आहे तर त्यांच्याकडची पोरं करतील की. … अगं ऐक ना, नाही कुठे म्हणतेय? बघू तर दे.

… उघडला. बांधकाम… परांचीवर तिघं जण… ऊन डोक्यावर. मग? … मधल्याच्या तोंडावर हेल्मेटची सावली पाडायची? … का?

… 'नीट दिसत नाही' म्हणजे? … हो, हो, दिसतंय मला. बाकी दोघांच्या नाकापर्यंत सावली आणि याचं कपाळ लख्ख. … कॅमेऱ्याची चूक? कुणाला शेंडी लावतेयस? हा तर डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघतोय. हेल्मेटला एवढी मोठी कड असताना? … अगं, त्याच्या डोक्यावर काही नव्हतंच! हे कुणीतरी नंतर चिकटवलंय.

… ओरडू नकोस. … हा माणूस आत्ता कुठे आहे? … ताई, मी विचारतेय, कुठे आहे? … पडला? … शुद्धीवर आला का? … अजून नाही. अरे देवा.

… कळलं, हेल्मेटं वाटायचं काम भावोजींचं. … कमी पडली, मग काम थांबवायचं ना! … आता काय म्हणायचं, दिलं होतं, यानेच पट्टा बांधला नाही? … नोकरी जाईल, तुझे हाल होतील, कळतंय गं मला.

… हो, तीच मी. फ्लॅटच्या चित्रात उत्तरेच्या खिडकीत ऊन दाखवा म्हणाले, म्हणून बिल्डरची नोकरी सोडणारी. मूर्ख म्हणाली होतीस. … ते निदान जाहिरातीतलं ऊन होतं. इथे त्याच्या बायकापोरांच्या पोटावर पाय द्यायचाय. मी नाही करणार.

… 'समजाव तिला' कोण म्हणालं मागून? … स्पीकरवर टाकलायस? बाथरूम म्हणे!

… भावोजी, बोला ना, केव्हाचे ऐकताय. … नाही. … नाही हो, मला भरीला घालू नका. … मूळ व्हिडिओ आहे ना? तो आपण होऊन पोलिसांना द्या, मी येते सोबत. … मग मला पाठवलेला हा व्हिडिओ मी पुसणार नाही, सांगून ठेवते. … हो, बहिणीचा संसार, माहीत आहे मला.

ताईला द्या फोन. … स्पीकर बंद कर. केलास? … रडू नकोस. एकच सांग. सावली नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलं? … भावोजींनी माझी चित्रं कधी पाहिलीसुद्धा नाहीत. त्यांना नसतं कळलं. … ताई? … नुसतं 'ऑफिसातल्या कुणीतरी' म्हण. मी विश्वास ठेवीन.

… तू?

… म्हणजे इतकी वर्षं मी बोलत होते, ते सगळं तू ऐकत होतीस? … अगं, मला वाटायचं, तुला माझ्या कामात काडीचा… हॅलो? … ताई? … हॅलो?