कर्ता माणूस झाडावर

(मांडवगण फराट्याच्या शिवारातली वस्ती, साल २००५. घरामागं गोठा, गोठ्यामागं चिंचेचं जुनं झाड. घरात पाहुणे बसलेत. उन्हाळ्याच्या तोंडाची दुपार.)

शेवंताबाई : खाली येतोस का मी वर येऊ?

हनुमंत : आत्या, हळू बोल. घरात आवाज जाईल.

शेवंताबाई : जाऊ दे की. पाहुण्यांना बी कळू दे, पोरीचा भाऊ चिंचंवर बसलाय.

हनुमंत : बसलो न्हाई. जरा इचार करतोय.

शेवंताबाई : इचार जमिनीवर बसून बी करता येतो.

हनुमंत : न्हाई येत. मगाशी त्यांच्यापुढं बसलो हुतो की इतका वेळ. एक इचार आला न्हाई.

शेवंताबाई : उठताना काय सांगून उठलास?

हनुमंत : मोटर बंद करून येतो म्हणलो.

शेवंताबाई : लाईट कवा गेलीय?

हनुमंत : सकाळी.

शेवंताबाई : आन् पाहुणे वारं कशानं घेत्यात?

हनुमंत : टोपीनं.

शेवंताबाई : डोक्यावर पंखा बंद, हातात टोपी, आन् घरचा कर्ता माणूस मोटर बंद करायला गेलाय. त्या पोराच्या चुलत्यानं माझ्याकडं असं बघितलं, मी आपली नजर चुलीत घातली.

हनुमंत : तोंडात आलं ते बोलून गेलो गं. तवर बरं चाललं हुतं. उसाचं झालं, पावसाचं झालं, यवतच्या रस्त्याचं झालं. मग पूनमनं पोहे आणले. त्यांनी इचारलं, शिकतीस का? ती म्हणली, दौंडला नर्सिंग करती, एक वरीस ऱ्हायलंय. तर चुलता म्हणला, ते आता आपण मोठी माणसं बघू. मी म्हणलं, बरं झालं, मोठी माणसं बघत्याली. मान वर केली तर समदी माझ्याकडंच बघत हुती.

शेवंताबाई : मग कुणाकडं बघत्याली? चुलता तुला न्हाई. मामाच्या पायाला पलास्तर. तुझा बा भिमा, त्याला जाऊन आता वरीस होईल.

हनुमंत : तेच तर. मला सारखं वाटत हुतं, आबा वैरण टाकायला गोठ्यात गेल्यात. आता हात पुसत येतील आन् म्हणतील, हन्म्या, सरक तिकडं.

शेवंताबाई : कितवं चालू हाय तुला?

हनुमंत : चौतीस.

शेवंताबाई : दोन लेकरांचा बाप हायेस.

हनुमंत : हाय की. पर असल्यागत वाटत न्हाई. साईला रागवायचं म्हणलं तर मला आबाचा आवाज काढावा लागतो. आन् ते बेनं हसतंय. म्हणतंय, पप्पा, परत एकदा आबा करा.

शेवंताबाई : पोरगं हुशार हाय.

हनुमंत : रांजणगावला कंपनीत तीच गत. लाईनीवर बिहारची पोरं हायेत. काय अडलं की म्हणत्यात, बडे भैया, आप बताइये. मी मागं वळून बघतो, कोण बडे भैया आलाय. मशीनचं बरं असतं, तिला कळत न्हाई आपण किती मोठं हाय ते. माणसांचं अवघड. मागं एका लग्नात माईकवर पुकारलं, हनुमंतराव, टॉवेल-टोपी घ्यायला पुढं या. मी बसलो टाळ्या वाजवत.

शेवंताबाई : टाळ्या कशाला?

हनुमंत : मला वाटलं दुसरा कुणी हनुमंतराव असंल. मागनं एकानं ढोसललं तवा उठलो.

शेवंताबाई : तू वर काय खातोयस का?

हनुमंत : एकच. गाभुळलीय आत्ताशी.

शेवंताबाई : टाक एक.

हनुमंत : झेल.

शेवंताबाई : बरी हाय. आता उतर.

हनुमंत : थांब, कोण आलं बघ.

पूनम : आत्या, दादा सापडला का? आई विचारतेय... अगं बाई! दादा!

हनुमंत : वरडू नगं.

पूनम : नवीन शर्ट घालून चिंचेवर? त्याला इस्त्री मी केली होती, तांब्यात निखारे घालून!

हनुमंत : आत काय चाललंय?

पूनम : दोनदा चहा झाला. साखर संपली. वहिनीनं साईला पुढं उभा केलाय, तो पाढे म्हणून दाखवतोय. बाराच्या पाढ्यापर्यंत आलाय. पुढचे त्याला येत नाहीत.

हनुमंत : तू सांग, दादा आलाच म्हणावं.

पूनम : कसं सांगू? मुलाचे चुलते म्हणतायत, मोटर बिघडली असेल तर मी बघतो. त्यांचं मोटर भरायचं दुकान आहे, यवतला, हायवेवर. चप्पल घालत होते. आईनं जबरदस्तीनं शेंगा पुढं ठेवल्या म्हणून परत टेकले.

शेवंताबाई : एवढ्या पाहुण्यांत मोटरीचाच माणूस आला.

हनुमंत : पूनम, खरं सांग. तुला ते पोरगं पसंत न्हाई का? तसं असंल तर मी हितनंच सांगतो.

शेवंताबाई : झाडावरनं?

पूनम : पसंत आहे. चांगला आहे तो. माझ्याकडं बघता बघता पोह्यातली मिरची चावली त्यानं. डोळ्यातनं पाणी आलं, पण गप्प बसला.

हनुमंत : मग अडलंय कुठं?

पूनम : एका वर्षावर अडलंय. परीक्षा होऊ दे, मग लग्न. एवढंच सांग त्यांना. ते म्हणतायत, ह्याच उन्हाळ्यात उरकून टाकू. एकदा यवतला गेले की परत दौंडला कोण पाठवतंय मला? माझ्या वर्गातल्या सोनमचं बघ. लग्नानंतर शिकवू म्हणाले होते. आता तिच्या युनिफॉर्मनं सासरे ट्रॅक्टर पुसतात.

हनुमंत : तूच का न्हाई सांगितलंस?

पूनम : सांगितलं की, पोहे देताना. माझं बोलणं ताटलीबरोबर आत आलं. आता तुझंच तेवढं राहिलंय.

हनुमंत : आन् ते उठून गेले तर? पोरगं बी जायचं. मग तू मला जल्मभर बोलशील.

पूनम : गेले तर रडेन चार दिवस. तू बोललास एवढं तर राहील. नाहीच बोललास तर मग... जाऊ दे. मी जाते. पाढे संपले असतील.

शेवंताबाई : जा तू. शेंगा घाल आणखी. भाजायला येळ लागतोय म्हणावं.

हनुमंत : गेली का?

शेवंताबाई : गेली.

हनुमंत : आबा असते तर एका वाक्यात उरकलं असतं. त्यांना जमायचं. ते जल्मालाच मोठे आले हुते.

शेवंताबाई : कोण, भिमा?

हनुमंत : मग काय.

शेवंताबाई : त्यो बी तिथंच बसला हुता.

हनुमंत : कुठं?

शेवंताबाई : तू बसलाईस तिथं. त्याच्या जरा खाली फांदी हुती, ती पुढं वावटळीत मोडली.

हनुमंत : आबा? झाडावर? कवा?

शेवंताबाई : माझी बैठक हुती तवा. आमचा बा मेंढरं घेऊन कोकणात गेलेला. पाहुणे म्हणले, थोरला भाऊ हाय न्हवं, त्यो बोलंल. मिशी फुटली हुती त्याला, तेवढ्यावर त्यो थोरला. मी आदल्या दिशी त्याला सांगितलं हुतं. भिमा, पोरगं काळं असू दे, गोरं असू दे, पर घोड्यावर बिऱ्हाड घालून हिंडणाऱ्या घरात मला देऊ नगा. एका जागी चूल असंल असं घर बघा. एवढंच बोल. व्हय म्हणला. आन् पाहुणे आले तवा चिंचंवर.

हनुमंत : मग?

शेवंताबाई : मग काय. मी हितं खाली उभी. हाका मारल्या. रडले बी असंन, आता ध्यानात न्हाई. त्यो म्हणत हुता, आलोच, आलोच. उतरला तवा आत गूळ वाटून झाला हुता.

हनुमंत : आत्या...

शेवंताबाई : काय आत्या? निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. थोरला जुन्नरच्या रानात झाला, धाकटी घाटात झाली. वाईट न्हवतं. नवरा बरा हुता. पाय तर बघ, अजून बसगाडी लागत न्हाई मला. पर आधी कुणी इचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

हनुमंत : आबा काय म्हणले त्याच्यावर?

शेवंताबाई : कधीच काय न्हाई. मी बी इचारलं न्हाई. पर त्याच्यानंतर आसपासच्या वस्त्यांत कुणाच्या बी पोरीची बैठक असू दे, भिमा हजर. बोलवलं तरी जायचा, न्हाई बोलवलं तरी जायचा. पयला सवाल त्याचा ठरलेला. पोरीला इचारलं का?

हनुमंत : मी बी गेलोय त्यांच्यासंगं. मला वाटायचं, आबाला बैठकांची आवडच हाय.

शेवंताबाई : लोकांना बी तसंच वाटायचं. म्हणायची, भिमा लई मोठा माणूस. समद्यांच्या बैठकीत बोलला त्यो. माझी तेवढी सोडून.

हनुमंत : त्या मोडक्या फांदीची खूण हाय हितं अजून.

शेवंताबाई : आणखी एक टाक. गाभुळलेली.

हनुमंत : सरक बाजूला. उतरतो.

शेवंताबाई : उतर की मग.

हनुमंत : पाय पुरंना.

शेवंताबाई : चढलास कसा?

हनुमंत : चढताना भ्यालो हुतो.

शेवंताबाई : आन् आता?

हनुमंत : आता बी भ्यालोय, पर खाली येताना दिसतंय समदं.

शेवंताबाई : डावा पाय त्या गाठीवर ठेव. डावा, मेल्या! जेवतोस त्यो उजवा.

हनुमंत : पायानं कोण जेवतंय? धर मला. सोड. धर. फाटलं.

शेवंताबाई : कुठं फाटलं?

हनुमंत : बगलंत.

शेवंताबाई : मग हात वर करू नगंस. बैठकीत हात वर करून बोलायचं बी नसतं. इकडं हो, डोक्यातला पाला काढू दे. आन् हे घे.

हनुमंत : ही तर आबाची चंची.

शेवंताबाई : येताना खुंटीवरनं काढून आणली.

हनुमंत : आत्या, मी तंबाखू खात न्हाई.

शेवंताबाई : भिमा तरी कुठं खात हुता? मळायचा आन् दुसऱ्याला द्यायचा. मळत बसलं की हात कापताना दिसत न्हाईत.

हनुमंत : आबांचे हात कापायचे?

शेवंताबाई : शेवटपातूर.

हनुमंत : आम्हाला कधी दिसलं न्हाई.

शेवंताबाई : मग सांगितलं काय आत्ता? जा. कुणी आत बोलवंल म्हणून थांबू नगंस, तुझंच घर हाय.

हनुमंत : मोटरीचं काय सांगू?

शेवंताबाई : बंद हाय म्हण. खोटं न्हाई त्यात.

हनुमंत : आन् ते गेले तर?

शेवंताबाई : तर आपण चिंचा खाऊ. जा आता. मी घराच्या मागल्या खिडकीपाशी बसते.

पूनम : आत्या! दादा आत आला. मला आईनं मागच्या दारानं बाहेर काढलं. बैठकीत मुलीनं थांबायचं नसतं म्हणे. तुला इथनं काही दिसतंय का?

शेवंताबाई : खिडकीतनं दिसतंय. बसला. आबाच्या जागेवर न्हाई, त्याच्या शेजारी बसला.

पूनम : काय करतोय?

शेवंताबाई : तंबाखू मळतोय.

पूनम : दादा? त्याला मळता तरी येते का?

शेवंताबाई : न्हाई येत. निम्मी खाली सांडली. चुना बी जादा झालाय.

पूनम : बोलतोय का पण?

शेवंताबाई : गप. आईक.

पूनम : मला नीट ऐकू येत नाही. "पूनमला" म्हणाला. "पूनमला इचारलं" म्हणाला. पुढं काय?

शेवंताबाई : एक वरीस थांबा म्हणला.

पूनम : असंच?

शेवंताबाई : असंच. हात वर न करता.

पूनम : मग? ते काय म्हणाले?

शेवंताबाई : अजून काय न्हाई. शेंगा सोलत्यात.

पूनम : आणि दादा?

शेवंताबाई : मळतोय अजून. पर जाग्यावरनं उठला न्हाई.

पूनम : ते उठतायत का? आत्या, ते चुलते हलले. उठले का ते?

शेवंताबाई : न्हाई. हात पुढं केला त्यांनी.

पूनम : कशाला?

शेवंताबाई : तंबाखूला.

पूनम : म्हणजे? म्हणजे हो का?

शेवंताबाई : म्हंजी अजून बसणार हायेत. शेजारच्या अनसाबाईकडनं वाटीभर साखर घेऊन ये, पळ.

पूनम : तू पण चल की घरात. उन्हात काय बसलीस?

शेवंताबाई : बसू दे जरा. मागल्या खेपंला उभीच हुते.

पूनम : कुठल्या खेपेला?

शेवंताबाई : तू साखर आण.