क्लचवरचा पाय

...आणि हा सुहास मला सांगतो, आमच्या घरच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला! मला! अहो, तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं घाटात एसटी चालवलीय मी! वरंधा चढलोय, कशेडी उतरलोय, गाडी नुसती खोकली तरी दुखणं कुठं हाय ते सांगीन... आणि महाडात काल-परवा गॅरेज टाकलेला हा सुहास पान्याने पाठ खाजवत म्हणतो, "काका, घर्रर्र आवाज म्हंजे गिअरबॉक्सच. पुरा खोलायचा."

म्हटलं, थांब. बस गाडीत. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच दाबला... घर्रर्र! सोडला... गप! दाबला, घर्रर्र! सोडला, गप! आता तुम्हीच सांगा, दुखणं गिअरबॉक्सचं असतं तर क्लच सोडल्यावर गप बसलं असतं काय? पाय दाबला की दाब येतो तो क्लच बेअरिंगवर, तीच बोंब मारते! "बेअरिंग हाय," म्हटलं, "नाय निघाली तर मिशी उतरवीन!" गॅरेजात चार गिऱ्हाइकं, एक रिक्षावाला, सगळे बघतायत. माझी एकतीस वर्षं पणाला लागली हो तिथं!

दुपारपर्यंत खोलली त्याने. मी हललो नाय, जेवलो नाय. आणि काय निघालं? बेअरिंग! जळून निळी पडलेली, बोटाने फिरवली तर रडत होती बिचारी. गिअरबॉक्स ठणठणीत! सुहासने कान पकडले, रिक्षावाल्याने चहा सांगितला... छाती अशी फुगली माझी, शर्टाचं बटण सांभाळत चहा प्यालो. का नाय फुगणार? एकतीस वर्षं घाटात एसटी चालवलीय मी!

पण हा सुहास गप बसेल तर ना! म्हणतो, "काका, ही आपोआप नाय जळत. कोणतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतंय." पाय ठेवून! शी! मी लगेच ओळखलं. ही राजश्री! माझी सून, महाडला शाळेत शिकवते, पोलादपूरहून रोज जा-ये. गाडी चालवणारे आम्ही दोघंच. त्यातला एक मी. मग उरलं कोण?

घरी आलो, चावी खिशात घातली. "उद्यापासनं एसटीने जा." ती म्हणते, "अहो बाबा, मी नाही ठेवत पाय. उलट माझ्याकडे असताना गाडी कमी वाजायची." ऐकलंत? वर तोंड करून! पण पोरगी गुणाची हाय, म्हटलं, चल, शिकवतो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला शेजारी बसवलं. महाड सोडलं, राजेवाडी फाटा गेला, सावित्री नदी दिसली नि गेली, माझं चालूच... "बघ, गिअर पडला की पाय काढायचा. क्लचवर पाय म्हंजे पाव्हण्याने आठवडाभर मुक्काम ठोकणं. काम झालं, निघायचं!" पोरगी खाली बघत बसलेली. मला वाटलं, पटतंय. पोलादपूर आलं तशी हळूच म्हणाली,

"बाबा, पाय."

"तेच सांगतोय ना मी!"

"तुमचा."

खाली बघितलं... डावा पाय क्लचवर! ठाण मांडून! कधी गेला, कळलंच नाय हो! घाटात पुढे भरलेला ट्रक रांगत असायचा, पाय आपला तयारीत... तीच खोड! आणि डेपोचा मिस्त्री सारखा माझ्याच गाडीखाली का असायचा, ते मला आत्ता कळलं! एकतीस वर्षं घाटात एसटी चालवलीय मी... आणि तो बिचारा तिच्याखाली झोपलाय!

लाज वाटली. खरंच वाटली. तिथंच गाडी उभी केली, चावी सुनेच्या हातात दिली. आता तीच चालवते, आणि काय चालवते! गिअर बदलला तर पोटातलं पाणी हलत नाय. मी शेजारी बसतो, मान ताठ. गॅरेजात कुठल्या गाडीचा आवाज कळेना की सुहास अजून मलाच फोन लावतो, हां!

फक्त परवा गाडी धुताना राजश्रीने माझ्या बाजूची मॅट उचलून दाखवली. डाव्या पायाखाली आरपार भोक! जाड बघून दुसरी आणलीय. पाय काय आता सुधारत नाय.